सर्व हक्क कोणाच्या स्वाधीन?

व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय आमच्या गळ्यात घातला तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. संशोधनाच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता शिरली, तिच्यामुळे कॉपीराइटचे जे प्रश्न उभे राहिले, त्यांचा मागचा इतिहास सांगा, असा त्यांचा आग्रह. असल्या विषयावर वकिलाने बोलावे, नाहीतर विद्यापीठातल्या एखाद्या विद्वानाने. आम्ही पडलो कामगार संघटनेतले. शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते छापखान्यात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. पण चालकांपैकी एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "अहो, पंडित दरसाल येतातच. या भानगडीत मजुरीचा काही भाग आहे, तेवढा तुम्ही सांगा." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. मजुरीचा भाग आहे, आणि तो लहान नाही.

१९८७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, आम्ही एका छापखान्यात खिळे जुळवायला बसलो. समोर खिळ्यांची केस, डाव्या हातात स्टिक. उजव्या हाताने एकेक खिळा उचलायचा आणि ओळ भरायची. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. तेव्हा आमचे वाचन वाढले ते उलट्या अक्षरांवर, असे म्हटले तरी चालेल. पोथ्या, कादंबऱ्या, सहकारी बँकांचे अहवाल, एखाद्या प्राध्यापकाचा प्रबंध, जे पुढ्यात येई ते आम्ही जुळवीत असू आणि जुळविताना वाचीत असू. प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी एक ओळ ठरलेली असे: सर्व हक्क स्वाधीन. कोणाच्या स्वाधीन, असे आम्ही एकदा मुख्य जुळाऱ्याला विचारले. तो म्हणाला, "तुझ्या नाहीत एवढं नक्की. पुढची ओळ घे." त्यानंतर काही वर्षांतच संगणक आला, खिळ्यांच्या केसी रिकाम्या झाल्या, शिसे वजनावर विकले गेले आणि आम्ही संघटनेच्या कामात पडलो. तो प्रश्न मात्र तेव्हापासून डोक्यात राहिला आहे.

कॉपीराइटचा पहिला कायदा इंग्लंडात १७१० साली झाला. अ‍ॅन राणीच्या नावाने तो ओळखला जातो. त्याआधी दीडशे वर्षे लंडनच्या छापखानेवाल्यांची आणि पुस्तकविक्रेत्यांची एक श्रेणी होती, तिचे नाव स्टेशनर्स कंपनी. कोणते पुस्तक कोणी छापावयाचे हे श्रेणीच्या वहीत नोंदले की ते पुस्तक त्याचे झाले. लेखकाचा त्या वहीशी संबंध नसे. तो हस्तलिखित विकी, मिळतील ते पैसे घेई आणि घरी जाई. १७१० च्या कायद्याने हक्क प्रथमच लेखकाच्या नावे लिहिला आणि त्याला मुदतही घातली: १४ वर्षे, आणि लेखक हयात असल्यास आणखी १४. विद्येला उत्तेजन देण्यासाठी हा कायदा आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. हेतू उत्तम होता. परंतु नावावर झालेला हक्क विकता येत होता, आणि हस्तलिखित छापून हवे असेल तर तो विकण्यावाचून लेखकाला बहुधा गत्यंतर नव्हते. सातबारा लेखकाच्या नावावर, पीक दुकानदाराच्या घरी, अशी ही व्यवस्था. पुढच्या तीनशे वर्षांत मुदत वाढत गेली; ही व्यवस्था फारशी बदलली नाही.

याच इंग्लंडात १८४१ साली मेकॉलेने पार्लमेंटात एक भाषण केले. हा तोच मेकॉले, ज्याचे नाव आपल्याकडील शिक्षणाच्या इतिहासात आपण फारशा प्रेमाने घेत नाही. त्याचे म्हणणे असे की, कॉपीराइट हा लेखकाला बक्षीस देण्यासाठी वाचकावर बसविलेला कर आहे. कर बसविल्याशिवाय लेखक जगणार नाही हे त्याला मान्य होते. पण ज्या चांगल्या कामासाठी कर बसविला त्याला लागेल त्यापेक्षा तो एक दिवसही अधिक चालू नये, असे तो म्हणाला. मेकॉलेशी आमचे इतर बाबतींत जमणार नाही. येथे मात्र त्याने नाडी बरोबर पकडली होती. कर कोण भरतो हे त्याने सांगितले. कर गोळा करणारा तो लेखकापर्यंत पोचवितो की नाही, हे सांगावयाचे राहिले.

आपल्याकडे कंपनी सरकारने १८४७ साली असा कायदा केला, १९१४ साली इंग्रजी कायद्याची नक्कल आली, आणि स्वतंत्र भारताचा स्वतःचा कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे ही मुदत त्यात होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली वारले. त्यांच्या लेखनावरचा हक्क संपण्याची वेळ येताच मुदत ६० वर्षे करण्यात आली. असो.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा एक खटला मुंबईत उभा राहिला होता. मुंबईला के. अँड जे. कूपर नावाचे शालेय पुस्तकांचे प्रकाशक होते. लंडनच्या मॅकमिलन कंपनीने प्लुटार्कने लिहिलेल्या अलेक्झांडरच्या चरित्राची विद्यार्थ्यांसाठी एक आवृत्ती काढली होती. भाषांतर सर टॉमस नॉर्थ यांचे, १५७९ सालचे. म्हणजे कोणाचाही हक्क त्यावर उरलेला नव्हता. मॅकमिलनच्या संपादकाने त्यातला मुलांना न शोभणारा व अनावश्यक भाग गाळला, उरलेला मजकूर सांधला आणि त्याला टीपा जोडल्या. कूपर यांनीही त्याच चरित्राची आवृत्ती काढली. मजकूर बहुतेक तोच, टीपाही पुष्कळ त्याच. खटला मुंबईच्या उच्च न्यायालयातून थेट लंडनला प्रीव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२३ च्या अखेरीस निकाल लागला. न्यायमूर्तींनी पुस्तकाची जणू चिरफाड केली. नुसता मजकूर गाळणे आणि उरलेला जोडणे यात हक्क निर्माण होण्याइतके काम नाही, म्हणून मूळ मजकुरापुरते कूपर सुटले. टीपा लिहिण्यात मात्र वाचन, निवड आणि समज लागते. त्या उचलल्या म्हणून तेवढ्यापुरते ते अडकले. या निकालात एक सूत्र आहे, ते कायद्याच्या पुस्तकांत वरचेवर येते: एकाचे श्रम, कौशल्य आणि भांडवल यांतून जे निर्माण झाले, ते दुसऱ्याने हडपता कामा नये.

श्रम, कौशल्य आणि भांडवल! आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा वाचनालयात बसल्या बसल्या हसलो होतो. हे तिघे एका दावणीला बांधलेले आम्ही आयुष्यभर पाहिले आहेत, आणि वैरण कोणाला जास्त मिळते हेही. टीपा लिहिण्याचे श्रम व कौशल्य संपादकाचे. खटला लढली कंपनी, जिंकली कंपनी आणि हक्क कंपनीचा. न्यायाधीशांची यात काही चूक नाही. हक्क कोणाचा हे त्यांना विचारलेच नव्हते. हक्क आहे की नाही एवढेच विचारले होते.

हे श्रमाचे सूत्र आपल्या न्यायालयांत पाऊणशे-ऐंशी वर्षे टिकले. पुढे प्रश्न आला तो संगणकाच्या निमित्ताने. ईस्टर्न बुक कंपनी ही सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संपादून छापते. काही लोकांनी ते निकाल संगणकाच्या तबकड्यांवर घालून विकण्यास सुरुवात केली. १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ घाम गाळला एवढ्याने कॉपीराइट मिळत नाही. त्यात थोडी तरी स्वतःच्या बुद्धीची निर्मिती दिसली पाहिजे. निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा. परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणे, कोणत्या न्यायमूर्तीचे मत कोठे जुळते वा वेगळे पडते हे दाखविणे, यांत बुद्धी आहे, म्हणून तेवढे कंपनीचे. म्हणजे घामाची किंमत कायद्याने २००७ साली कमी केली. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे जे यंत्र येणार आहे त्याला घाम येतच नाही.

आता दिल्लीच्या खटल्याकडे वळू. आमच्या मते संशोधक आणि कॉपीराइट यांच्या संबंधांत आपल्या देशात याहून मोठी घटना झालेली नाही. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचे झेरॉक्सचे एक लहान दुकान होते. अध्यापक अभ्यासक्रमाला लागणाऱ्या पुस्तकांतली प्रकरणे नेमून देत. दुकानदार ती एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देई. मूळ पुस्तके हजारो रुपयांची, आणि प्रत्येकातले प्रकरण एकच हवे. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. एका झेरॉक्सवाल्यावर जगातील थोरल्या विद्यापीठांची छापखानी चालून जावीत, हे दृश्य पाहण्यासारखे होते.

आणि मग जे घडले ते आम्हां संघटनेच्या माणसांना ओळखीचे वाटले. विद्यार्थ्यांनी संघटना करून खटल्यात उडी घेतली. अध्यापकांनीही केली. ज्यांची पुस्तके झेरॉक्स होत होती त्या लेखकांपैकी कित्येकांनी जाहीरपणे कळविले की, आमच्या नावाने हा दावा चालवू नका. अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकांना दावा आवरण्याची विनंती केली. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा ईश्वरदत्त किंवा निसर्गदत्त हक्क नव्हे, असे त्यांनी सांगितले. एकेकाळी विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने उतरून घेत. ते चालत होते, तर साधन बदलले म्हणून तेच कृत्य अपराध कसे होईल, हा त्यांचा प्रश्न होता. ९ डिसेंबर २०१६ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तत्त्व मान्य ठेवले: शिकविण्याच्या ओघात कायद्याच्या ५२ व्या कलमाने दिलेली मोकळीक किती पानांपुरती हे मोजून ठरत नाही, त्या शिक्षणासाठी ती पाने आवश्यक होती का यावर ठरते. तेवढी तपासणी करण्यास दावा त्यांनी परत पाठविला. पुढे मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच काढून घेतला.

श्रोतेहो, हाताने उतरून घेणे चालते तर झेरॉक्स का नाही, हा प्रश्न एकदा सुटला की पुढचा दारात उभाच असतो. माणसाने वाचलेले चालते, तर यंत्राने वाचलेले का नाही?

हा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेची हाकाटी सुरू होण्याच्या पुष्कळ आधी संशोधकांनी विचारला होता. शास्त्रीय लेख आता इतके झाले आहेत की एका माणसाने एका लहानशा विषयावरचेही सगळे वाचणे अशक्य आहे. मग संगणकाने ते चाळावेत, कोणत्या वनस्पतीत कोणते द्रव्य सापडते अशा नोंदी हजारो लेखांतून वेचून काढाव्यात, हे साहजिक आहे. यास मजकुराचे उत्खनन म्हणतात. अडचण अशी की चाळण्यासाठी संगणकात प्रत उतरवावी लागते, आणि प्रत म्हटली की प्रकाशक उभा राहतो. ग्रंथालयाने वर्गणी भरलेली असली तरी ती माणसाने वाचण्याची. यंत्राने वाचण्याची परवानगी निराळी, असे करारांत लिहिलेले असे.

यावर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एक धाडसी प्रयोग झाला. अमेरिकेतील कार्ल मॅलमुड हे सरकारी कायदे व मानके लोकांना फुकट उपलब्ध करून देण्यासाठी झगडणारे गृहस्थ. त्यांनी तेथील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने ७ कोटी ३० लाख लेखांचा साठा एका संगणकात जमविला, तो इंटरनेटपासून तोडून ठेवला, आणि नियम असा केला की कोणीही लेख वाचू नये, उतरवून नेऊ नये. फक्त यंत्राकडून चाळून घ्यावा. २०१९ साली ही बातमी जगभर गेली. येथे त्यांचा आधार दिल्लीच्या झेरॉक्स निकालाचाच होता. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी १० कोटी ७० लाखांहून अधिक लेखांतले शब्द आणि पाच शब्दांपर्यंतचे तुकडे यांची एक प्रचंड सूची जगाला खुली केली. पुस्तकाच्या मागे शब्दसूची असते ना, तशी. पण साऱ्या ग्रंथालयाची.

इतर देशांनी या बाबतीत कायदे केले. ब्रिटनने २०१४ साली सांगितले की, ज्याला लेख वाचण्याचा कायदेशीर हक्क आहे तो बिनव्यापारी संशोधनासाठी यंत्राकडूनही वाचून घेऊ शकतो, आणि करारातले एखादे कलम त्याच्या आड येत असेल तर ते कलम फुकट. जपानने २०१८ साली त्याहून पुढे जाऊन व्यापारी वापरालाही दार उघडले. युरोपीय संघाने २०१९ साली संशोधन संस्थांना मोकळीक दिली, आणि इतरांनाही दिली, परंतु मालकाने मनाई केली नसेल तर. सिंगापूरने २०२१ साली कायदा केला. आपल्या कायद्यात ५२ वे कलम आहे, त्यात खासगी वापरासाठी, संशोधनासह, रास्त वापराची सवलत आहे. यंत्राच्या वाचनाचे नाव त्यात नाही. नाही, म्हणजे मना आहे असे प्रकाशक म्हणतात. नाही, म्हणजे मोकळे आहे असे संशोधक म्हणतात.

इथपर्यंत आमची सहानुभूती कोणाकडे आहे हे आपण ओळखले असेल. आम्ही स्वतः हजारो पाने पैसे न देता वाचलेली आहेत. मजुरी घेऊन वाचलेली आहेत म्हणा ना. जुळविताना जे डोक्यात राहिले त्यावर कोण्या प्रकाशकाने कधी हक्क सांगितला नाही. आज आम्ही येथे बोलतो आहोत ते त्या भांडवलावर. मग यंत्राने वाचले तर बिघडले कोठे?

बिघडते ते असे. आम्ही वाचलेले आमच्यापाशी राहिले. ते विकण्याचे दुकान आम्हाला काढता आले नाही. नवी यंत्रे, जी २०२२ च्या अखेरीपासून घरोघर पोचली, त्यांची रीत वेगळी आहे. त्यांना मजकूर दिला की ती त्याचे बारीक तुकडे करतात आणि कोणत्या तुकड्यामागून कोणता येतो याचा हिशेब अब्जावधी आकड्यांत साठवितात. पुस्तक ती कपाटात ठेवीत नाहीत हे खरे. पण शिकविण्याआधी पुस्तकाची प्रत कोठेतरी उतरवावीच लागते, आणि शिकून झाल्यावर ते यंत्र भाड्याने लावले जाते. दिल्लीच्या विद्यापीठातील यंत्र संशोधकासाठी वाचीत होते. हे यंत्र मालकासाठी वाचते आणि संशोधक त्याचे गिऱ्हाईक असतो. वाचन तेच, मजुरीचा हिशेब पूर्ण वेगळा.

अमेरिकेत या भेदावर एक निकाल जून २०२५ मध्ये झाला. काही लेखकांनी अँथ्रॉपिक या कंपनीवर दावा केला होता. न्यायाधीश विल्यम अल्सप म्हणाले की, विकत घेतलेल्या पुस्तकांवर यंत्र शिकविणे हा रास्त वापर आहे. परंतु चोरट्या संग्रहांतून लाखो पुस्तके उतरवून साठा करणे हा रास्त वापर नव्हे. पुढे कंपनीने दीडशे कोटी डॉलरांची तडजोड केली, पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने जे प्रश्न काढले त्यांत शिकविण्यासाठी मजकूर साठविणे हा भंग आहे काय, आणि ५२ व्या कलमाची सवलत लागू होते काय, हेही होते. झेरॉक्सवाल्याचे कलम आता संगणकाच्या कारखानदाराने ढाल म्हणून पुढे केले आहे! कायद्याचे असेच असते. विहीर गावासाठी खणावी आणि पहिला पंप कारखान्याने बसवावा.

पण संशोधकाला जे सर्वांत जवळून लागते ते न्यायालयात घडलेच नाही. मे २०२४ मध्ये टेलर अँड फ्रान्सिसच्या मालक कंपनीने, इन्फॉर्माने, जाहीर केले की तिने मायक्रोसॉफ्टशी करार केला आहे. तिच्या विद्वत्तापूर्ण नियतकालिकांचा व पुस्तकांचा मजकूर यंत्र शिकविण्यास मिळेल आणि पहिला हप्ता एक कोटी डॉलरांचा असेल. ते लेख ज्यांनी लिहिले त्या अध्यापकांना ही गोष्ट वर्तमानपत्रांतून कळली. त्यांना विचारले नव्हते. विचारण्याचे कारणही नव्हते, कारण लेख छापून येतेवेळी पुष्कळांनी हक्क लिहून दिला होता. हेच टेलर अँड फ्रान्सिस दिल्लीच्या झेरॉक्सवाल्यावर गेलेल्या तिघांपैकी एक होते, हे आपल्या लक्षात असेलच. तेव्हा लेखकांच्या हक्काचा पुकारा होता.

या धंद्याची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अध्यापक लेख लिहितो, त्याबद्दल त्याला नियतकालिक काही देत नाही. दुसरे अध्यापक तो तपासतात, त्यांनाही काही मिळत नाही. दोघांचा पगार विद्यापीठ देते, म्हणजे पुष्कळ वेळा सरकार, म्हणजे आपण. मग तोच लेख विद्यापीठ वर्गणी भरून विकत घेते. आपल्या केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली: ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० संस्था, तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये. लहान गावच्या सरकारी कॉलेजातल्या मुलाला केंब्रिजच्या मुलाइतके वाचावयास मिळावे, ही गोष्ट चांगली आहे. आम्ही तिला नावे ठेवणार नाही. परंतु घरचे पीक बाजारभावाने परत विकत आणण्याचा हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगून पाहावा.

आणखी एक प्रश्न येथेच उरकून घेऊ, कारण तो गाजला जास्त आणि अवघड आहे कमी. यंत्राने लिहिलेल्या मजकुराचा लेखक कोण? जानेवारी २०२३ मध्ये काही शास्त्रीय लेखांवर चक्क यंत्राचे नाव सहलेखक म्हणून झळकले. नियतकालिकांनी लगोलग सांगितले की, जो जबाबदारी घेऊ शकत नाही तो लेखक नव्हे. आपल्या कायद्यात १९९४ सालीच एक तरतूद घातलेली आहे: संगणकाने तयार झालेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती तयार करविणारी व्यक्ती. व्यक्ती म्हणजे माणूस की कंपनी, हे वकिलांनी पाहावे. याहून व्यवहारातली गोष्ट अशी की, दुसऱ्याचा अप्रसिद्ध लेख तपासावयास आला असता तो यंत्राला वाचावयास देणे म्हणजे दुसऱ्याची पेटी तिऱ्हाइताकडे ठेवणे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून २०२३ मध्ये अर्ज तपासणाऱ्यांना याची मनाई केली, ती योग्यच होती.

राहता राहिला मोबदल्याचा प्रश्न, आणि येथे इतिहास आपल्या बाजूने थोडासा बोलतो. हिंदी चित्रपटांचे गीतकार व संगीतकार आपला हक्क निर्मात्याला लिहून देत आणि गाणे पिढ्यान्‌पिढ्या वाजत राहिले तरी त्यांना काही मिळत नसे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात ते हरले. पुढे पस्तीस वर्षे ते झगडले. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला. आणि २०१२ साली कायदा बदलला. गीतकाराचा मानधनातला वाटा आता त्याने स्वतः सही करूनही सोडता येत नाही. किमान वेतनाचे तत्त्व हेच आहे. भुकेला माणूस कशावरही सही करतो, म्हणून काही सह्या कायद्याने निरर्थक ठरवाव्या लागतात. हे संरक्षण चित्रपटातील व ध्वनिमुद्रणातील कृतींना मिळाले. प्रबंध लिहिणाऱ्याला मिळाले नाही. त्याने मागितलेही नव्हते.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने एक टिपण प्रसिद्ध केले. त्यातली सूचना अशी की, कायदेशीरपणे हाती आलेला मजकूर यंत्र शिकविण्यास वापरण्याचा परवाना सर्वांना मिळावा, मालकाला तो नाकारता येऊ नये, मात्र कंपन्यांनी मोबदला भरावा. तो एका मध्यवर्ती संस्थेने गोळा करून वाटावा. हे वाचून आम्हाला १९६९ चा माथाडी कायदा आठवला. माथाडी कामगार रोज नव्या व्यापाऱ्याच्या दारात. मालक कोण हेच ठरेना. तेव्हा मंडळ उभे राहिले, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरावयाची, मंडळाने कामगाराला द्यावयाची. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी काय सोसले हे जुन्या मंडळींना माहीत आहे. त्या अनुभवावरून आम्ही एवढेच सांगू की, मंडळ काढणे सोपे असते. नोंदणीच्या वहीत नाव कोणाचे चढते यावर सगळे अवलंबून राहते. व्यापाऱ्याने आपल्या भाच्या-पुतण्यांची नावे चढविली तर हमाल बाहेरच राहतो. येथेही वाटणी 'हक्कधारकांना' व्हावयाची आहे, आणि शास्त्रीय लेखाचा हक्कधारक बहुधा प्रकाशक आहे. स्टेशनर्स कंपनीची वही पुन्हा उघडावयाची असेल तर गोष्ट वेगळी.

गेल्या पावसाळ्यात एका कॉलेजातले तरुण अध्यापक आमच्याकडे आले होते. आठवडी बाजारांतल्या हमालांवर त्यांनी चार वर्षे काम केले. आमच्या संघटनेच्या जुन्या पावतीपुस्तकांचाही त्यांना उपयोग झाला. एका परदेशी नियतकालिकाने लेख स्वीकारला आणि हक्क लिहून देण्याचा कागद पाठविला. आज ज्ञात असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिकवणीसह, असे त्यात होते. आम्ही त्यांना आपल्या कायद्याचे १८ वे कलम दाखविले. करार होताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याचा हक्क गेला असे होत नाही, अशी २०१२ ची तरतूद त्यात आहे. जुन्या करारांना ती उपयोगी पडेल. ते म्हणाले, "पण काका, यांनी तर उल्लेख केलाय." केला होता. शेवटून दुसऱ्या ओळीत इंग्लंडचा कायदा लागू राहील असेही होते.

दोघांनी बसून एक पत्र तयार केले: शिकवणीचे कलम गाळावे, अथवा त्यातून येणाऱ्या रकमेतला लेखकाचा वाटा लिहावा. आठ दिवसांत उत्तर आले. मजकूर नम्र होता. कागदाचा नमुना सर्व लेखकांसाठी एकच असल्याने त्यात बदल करता येत नाही, लेख पुढील अंकासाठी तयार आहे, सही लवकर पाठवावी. त्यांच्या बढतीसाठी असे दोन लेख लागणार होते आणि हा दुसरा होता. त्यांनी सही केली. आम्हीही करू नका असे म्हटले नाही. त्यांच्या प्राध्यापक संघटनेत किती सभासदांनी असे कागद सही केले आहेत, याची यादी करावयास मात्र त्यांना सांगितले आहे. दिवाळीपर्यंत एकेचाळीस नावे झाली होती.